ज्वारीची राखण व गोफणीचा अचूक हात

रब्बीची ज्वारी निसवली, फुलोरा सरून कणसांत चीक धरू लागली, म्हणजे शेतकऱ्याचे काम सरत आले अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. नांगरट, कुळवाच्या पाळ्या, पेरणी व कोळपणी यांत घातलेले श्रम दाण्याच्या रूपाने पदरात पडावयाचे की पाखरांच्या चोचीत जावयाचे, ह्याचा निकाल याच सुमारास लागत असतो. चिकापासून दाणा टणक होईपर्यंतचा सुमारे एक महिना हा राखणीचा महिना होय. आणि ह्या महिन्यातील आपल्या वाडवडिलांचे मुख्य साधन म्हणजे गोफण. ते साधन आजही अनेक घरांत खुंटीला लोंबकळत असलेले दिसते. परंतु ते चालविणारा हात मात्र दुर्मिळ होत चालला आहे. तो हात कसा तयार करावा, व नवशिक्याकडून ज्या चुका नेहमी होतात त्या कशा टाळाव्यात, एवढाच ह्या लेखाचा विषय आहे.

हा विषय आजच का काढला, असे कोणी विचारील. त्याचे कारण आपल्या बीड जिल्ह्याच्या परिस्थितीत आहे. ज्वारीची पेरणी साधारणतः सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते. कणसे डिसेंबरात बाहेर पडतात. हुरडा व भरणी डिसेंबर-जानेवारीत, आणि काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. नेमक्या ह्याच महिन्यांत आपल्या गावांतील धडधाकट जोडपी ऊसतोडीसाठी कारखान्यांच्या वाटेला लागलेली असतात. गावात मागे राहतात ती वृद्ध माणसे व शाळेत जाणारी मुले. म्हणजे राखणीचा भार ज्यांच्या अंगावर येतो त्यांच्या दंडात जोर थोडा. दुसरी गोष्ट अशी की कापूस, सोयाबीन व ऊस यांचा पसारा वाढल्यामुळे शिवारात ज्वारीचे तुकडे विरळ झाले आहेत. पूर्वी सर्व शिवार एकाच वेळी निसवत असे व पाखरांचे खाणे सर्वांत विभागले जाई. आता एखाद्याच शेतात ज्वारी उभी असली, तर चहूंकडील थवे त्याच शेतावर उतरतात. ‘पाखरे राहू देत नाहीत, म्हणून ज्वारी सोडली,’ असे म्हणणारे शेतकरी गावोगाव भेटतात. मालदांडी किंवा परभणी मोती यांसारख्या पांढऱ्या टपोऱ्या दाण्याच्या वाणांवर तर पाखरांचा अधिकच लोभ असतो. ज्वारी गेली म्हणजे केवळ भाकरी गेली असे नव्हे, तर जनावरांचा कडबाही गेला, हे येथे वेगळे सांगावयास नको.

अशा स्थितीत एक गोष्ट मनावर ठसविणे अवश्य आहे. गोफण ही जोराची विद्या नसून वेळेची विद्या आहे. योग्य क्षणी दोर सोडावयास शिकलेली साठ वर्षांची बाई जे काम करील, ते केवळ बळावर विसंबणाऱ्या पंचविशीतील जवानाकडून होणार नाही. पुढील सर्व विवेचन ह्या एका वाक्याचा विस्तार आहे.

राखण म्हणजे पाखरे मारणे नव्हे

गोफणीचा उद्देश पाखरांस उठविण्याचा आहे, मारण्याचा नाही. ज्या चिमण्या व साळुंक्या आपण हाकलतो, त्याच आपल्या पिलांस किडे व अळ्या भरवून आपले काम करीत असतात. हिवाळ्यात ज्वारीवर ढगासारख्या उतरणाऱ्या भोरड्या मध्य आशियाकडून येतात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जातात. त्यांच्या विणीच्या प्रदेशात टोळ हे त्यांचे मुख्य खाद्य असते. तेव्हा ह्या पाखरांशी आपले वैर महिन्याभराचे आहे, जन्माचे नव्हे.

शिवाय हा कायद्याचाही प्रश्न आहे. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाला व २०२२ साली त्यात मोठी दुरुस्ती होऊन ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. मोर हा १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी असून कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत त्याचे नाव आहे. आपल्या पाटोदा तालुक्यात नायगाव येथे १९९४ साली मोरांसाठी अभयारण्य झाले आहे, आणि त्या भागातील शेतांत मोर येणे ही नित्याची गोष्ट आहे. मोरावर नेम धरून दगड मारणे हा गुन्हा होय. त्यास हाळी, डब्याचा आवाज किंवा मोकळ्या गोफणीचा कडाका पुरेसा असतो.

गोफण कशी असावी

गोफणीचे तीन भाग असतात. मध्ये गुंडा बसण्याजोगी विणलेली, किंचित खोलगट पट्टी. तिच्या दोन बाजूंस दोन दोर. एका दोराच्या टोकास बोटात अडकविण्याचा फासा, व दुसऱ्याच्या टोकास अंगठा व तर्जनी यांत धरावयाची गाठ. गाठीपुढे दोर चारसहा अंगुळे मोकळा सोडून त्याचे तंतू पिंजून ठेवतात. आसुडाच्या टोकाप्रमाणे हाच भाग सुटताना कडाडतो.

दोर अंबाडीचा, तागाचा, सुताचा किंवा लोकरीचा असावा. नायलॉनची दोरी गुळगुळीत असते व ताण पडताच लांबते. म्हणून शिकाऊ हातास ती देऊ नये. लांबीचे माप असे: फासा बोटात व गाठ चिमटीत धरून हात सरळ खाली सोडला असता मधली पट्टी गुडघ्याच्या खाली व घोट्याच्या वर लोंबावी. ह्याहून लांब गोफण दूर फेकते हे खरे, पण ती आवरणे कठीण. प्राचीन काळी भूमध्य समुद्रातील बलेआरिक बेटांचे गोफणधारी कार्थेज व रोम यांच्या सैन्यांत नामांकित होते. ते निरनिराळ्या अंतरांसाठी निरनिराळ्या लांबीच्या तीन गोफणी बाळगीत. आपले अंतर एकच, म्हणजे आपल्या शेताचे. तेव्हा एकच मध्यम लांबीची गोफण हातात मुरू द्यावी.

सर्वांत महत्त्वाची परीक्षा दोन्ही दोरांच्या समानतेची. हातात धरल्यावर पट्टी आडवी व समतोल लोंबली पाहिजे. एक बाजू अंगुळभर जरी खाली झुकली, तरी गुंडा कधी अगोदर निसटतो, तर कधी अडकून उशिरा सुटतो. आणि शिकणारा मात्र दोष आपल्या हाताला देत बसतो. दवाने दोर आखडतो, वापराने लांबतो. म्हणून ही परीक्षा रोज सकाळी करावी.

गुंडा मातीचा असावा

बालाघाटाच्या हलक्या रानात दगडांस तोटा नाही, म्हणून तिकडे दगडच वापरण्याची सवय पडलेली असते. गोदाकाठच्या भारी काळ्या रानात दगड मिळत नाहीत, म्हणून तिकडील जुनी माणसे काळ्या मातीचे गुंडे वळून उन्हात वाळवीत. हीच रीत सर्वत्र चांगली. मातीचा गुंडा पडताच फुटतो, पुढील मशागतीत फासाला वा यंत्राच्या पात्याला दगडाचा अडथळा होत नाही, आणि चुकून कोणास लागला तर दगडाइतकी इजा होत नाही. तथापि वाळलेला गुंडाही डोळा फोडू शकतो, हे विसरू नये.

गुंडा कागदी लिंबाएवढा, पाच ते सात तोळे, म्हणजे साठ ते ऐंशी ग्रॅम वजनाचा असावा. सर्व गुंडे एकाच साच्याचे असणे हे त्यांच्या आकारापेक्षाही महत्त्वाचे आहे. एकदा सुपारीएवढा व एकदा पेरूएवढा दगड घेणाऱ्याचा हात कधीही बसत नाही, कारण प्रत्येक खेपेस दोराचा ताण निराळा असतो. चाळणीने चाळलेल्या मातीत थोडे भुसकट मिसळून पेरणीनंतरच्या मोकळ्या दिवसांत शे-दोनशे गुंडे वळून ठेवले, तर ऐन राखणीत शोधाशोध करावी लागत नाही.

उभे राहण्याची जागा

पुरुषभर उंच ज्वारीत जमिनीवर उभे राहून गोफण फिरविली तर ती ताटांत अडकते व आपलीच कणसे मोडते. ह्यासाठी माळा हवा. चार मजबूत बाभळीचे खांब, वर फळ्या किंवा बाज, आणि उंची अशी की उभे राहिल्यावर सर्व शेत कणसांवरून दिसावे. सावलीसाठी छप्पर करावयाचे असल्यास ते माळ्याच्या एका कोपऱ्यापुरते असावे. छपराखाली गोफण फिरविणे म्हणजे अपघातास बोलावणे होय. माळ्यावर दुसऱ्या कोणास, विशेषतः लहान मुलास, उभे करू नये.

उजव्या हाताच्या माणसाने डावा पाय पुढे व डावा खांदा लक्ष्याकडे करून उभे राहावे. पाय खांद्याइतके फाकावेत. डावऱ्याने हेच उलट करावे. सूर्य डोळ्यांवर येत असेल त्या दिशेस गुंडा सोडू नये. तेथे केवळ कडाका काढावा किंवा हाळी द्यावी.

एक अनुभव

फिरविणे व सोडणे यांविषयी लिहिण्यापूर्वी स्वतःची एक चूक सांगणे मला अवश्य वाटते. कारण पुढील नियमांचे मूळ तिच्यात आहे. मी त्या वेळी चौदा वर्षांचा होतो. घाटावरच्या आमच्या रानात ज्वारी हुरड्यास आली होती. सकाळच्या वेळी समोरच्या तासांवर भोरड्यांचा थवा उतरलेला पाहून मी माळ्यावरून, अंगातील सर्व बळ एकवटून, गोफण पाच-सहा वेळा गरगरा फिरविली व दगड सोडला. थवा समोर होता. दगड गेला डावीकडे. डाव्या बांधावर माझी थोरली चुलती गवत कापीत बसली होती. दगड तिच्या भुवईवर बसला. डोळा गेला नाही. पण भुवईवर व्रण राहिला, आणि त्या डोळ्याने संध्याकाळी तिला धूसर दिसू लागले, ते अखेरपर्यंत.

घरी मार बसेल म्हणून मी दिवसभर रानातच दडून राहिलो. आजाने मारले नाही. गोफण जाळलीही नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मला पडीक रानात नेले, एक पाटी उपडी घालून तिच्यापासून वीस पावलांवर उभे केले, आणि हातात मातीचे गुंडे दिले. मी पुन्हा जोराने फिरवू लागताच तो म्हणाला, “जोर कशाला लावायलास रे? दोरी सोडायची येळ कळंना तुला, अन् जोर लावायलास!” त्या एका वाक्याचा अर्थ समजण्यास मला एक महिना लागला. तो वाचकांस थोडक्यात समजावा म्हणून पुढे हिशेबाने मांडतो.

फिरविणे व सोडणे

फासा मधल्या बोटात, दुसऱ्या पेराच्या मागे, घट्ट पण रक्त न अडेल असा बसवावा. दुसऱ्या दोराची गाठ अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरावी. गुंडा पट्टीच्या अगदी मध्यभागी ठेवून दोर ताणून पाहावा. नंतर हात डोक्यावर नेऊन गोफण संथपणे फिरवावी. उजव्या हाताच्या माणसाची गोफण मागून उजव्या बाजूने पुढे व पुढून डावीकडे अशी फिरते. दोन फेरे संथ घ्यावेत. ते केवळ ताण सारखा करण्यासाठी असतात. तिसऱ्या फेऱ्यात हात लांबवून वेग द्यावा व त्याच फेऱ्यात गाठ सोडावी.

आता सोडण्याच्या क्षणाविषयी. दोर सुटताच गुंडा गोल फिरत राहत नाही. त्या क्षणी तो ज्या दिशेने चाललेला असेल त्याच दिशेने सरळ निघतो. गोफण आपल्या उजव्या बाजूस येते तेव्हा गुंड्याची गती नेमकी पुढे असते. म्हणून तो तेथे असता सुटला पाहिजे. त्याआधी सुटला तर उजवीकडे जातो; त्यानंतर सुटला तर डावीकडे. माझा दगड डावीकडे गेला, ह्याचा अर्थ मी दोर उशिरा सोडला. नवशिका आपला गुंडा कोठे पडला हे नीट पाहील, तर त्यास दुसऱ्या गुरूची गरज नाही.

गुंडा उंच फार गेला वा कणसांत घुसला, तर दोष वेळेचा नसून फेऱ्याच्या कलाचा असतो. लक्ष्याच्या बाजूस फेरा किंचित वर उचललेला असावा. तो सपाट राहिला तर गुंडा लवकर खाली येतो.

आता हिशेब पाहा. गोफण सेकंदास तीन फेरे घेत आहे असे धरू. एका फेऱ्याचे ३६० अंश, म्हणजे सेकंदास १,०८० अंश. सोडण्यात सेकंदाच्या केवळ शंभराव्या भागाची चूक झाली, तरी गुंड्याची दिशा सुमारे ११ अंशांनी बदलते. आणि २०० फुटांवर तो लक्ष्यापासून सुमारे ३८ फूट बाजूस पडतो. सेकंदास दोनच फेरे असतील, तर तेवढ्याच चुकीने तो सुमारे २५ फूट चुकतो. आणि एकच फेरा असेल तर १२-१३ फूट. म्हणजे हात जितका अधिक जोराने फिरेल, तितकी तीच चूक मोठी होते. ज्याचा हात अजून बसलेला नाही त्याने जोर लावणे म्हणजे आपली चूक तिप्पट करून फेकणे होय. आजाच्या बोलण्याचा अर्थ एवढाच होता.

दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिनाच्या गवताळ मैदानांतील गुराखी ‘बोला’ नावाचे साधन वापरीत आले आहेत. दोरांच्या टोकांस गोळे बांधून ते डोक्यावर फिरवितात व दोरांसकट फेकून पळत्या जनावराचे पाय गुंतवितात. तेथे सर्व साधनच हातातून जाते, येथे दोर हातात राहतो. परंतु योग्य क्षणी सोडणे हेच त्याही विद्येचे मर्म आहे.

बांधावर मोकळी जागा असेल तेथे गोफण डोक्यावर आडवी न फिरविता अंगाच्या बाजूस उभी, मागून वर व वरून पुढे, अशी फिरविता येते. ह्या पद्धतीत लवकर सोडलेला गुंडा फार उंच जातो व उशिरा सोडलेला समोर जमिनीत आपटतो. डावी-उजवीकडे मात्र फारसा जात नाही. म्हणून शेताच्या बाजूस वाट, वस्ती किंवा गोठा असेल, तर हीच पद्धत अधिक सुरक्षित होय.

नेहमीच्या चुका

पहिली चूक, फेरे अधिक घेणे. पाच-सहा फेऱ्यांनी वेग वाढत नाही. हात थकतो व क्षण चुकतो. तीन फेरे पुरेत.

दुसरी, गाठ मुठीत आवळून धरणे. आवळलेली गाठ सोडावयास वेळ लागतो, व गुंडा डावीकडे जातो. चिमटीत धरावी. सोडणे म्हणजे बोटे उघडणे. हात झटकणे नव्हे.

तिसरी, गोफणीकडे पाहणे. नजर लक्ष्यावर असावी. गोफण कोठे आहे हे दोराच्या ताणावरून हाताला कळते.

चौथी, गुंडा थव्याच्या मध्यभागी कणसांत मारणे. त्यामुळे पाखरांपूर्वी आपणच कणसे मोडतो. गुंडा कणसांत नव्हे, तर कणसांवरून गेला पाहिजे. त्याच्या सूं-सूं आवाजानेच थवा उठतो, व तो पलीकडे पडीक जागेत पडतो.

पाचवी, थवा बसल्यावर, पोटभर खाऊ दिल्यावर, मग उठणे. सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास व सूर्यास्तापूर्वीचे दोन तास हे पाखरांच्या चरण्याचे मुख्य वेळ होत. थवा घिरट्या घालीत असतानाच कडाका काढावा. एकदा बसलेला थवा उठविणे जड जाते.

सहावी, दिवसभर एकाच जागेवरून एकाच तऱ्हेने आवाज करीत राहणे. पाखरे दोन-चार दिवसांत सरावतात. आज माळ्यावरून, उद्या बांधावरून. कधी कडाका, कधी गुंडा, कधी डबा. सोबत चमकत्या फिती व जागा बदलणारे बुजगावणे, असा फेरफार ठेवावा.

सातवी चूक सर्वांत मोठी: कोण कोठे आहे हे न पाहता सोडणे. तिच्याविषयी शेवटी लिहितो.

अभ्यासाचा क्रम

हा अभ्यास पिकात करू नये. कणसे निसवण्यापूर्वी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, एखाद्या पडीक जागेत मागे माणसांची ये-जा नाही असे पाहून तो करावा. मुलांची शाळा बुडवून करू नये. सुटीच्या दिवशी अर्धा तास पुरे.

पहिल्या आठवड्यात गुंडा न घेता नुसती गोफण फिरवावी व कडाका काढावयास शिकावे. स्वच्छ कडाका निघू लागला म्हणजे सोडण्याचा क्षण हातास कळू लागला असे समजावे. दुसऱ्या आठवड्यात साठ फुटांवर मातीचा ढीग किंवा उपडी पाटी ठेवून रोज वीस गुंडे फेकावेत. तिसऱ्या आठवड्यात अंतर शंभर फूट करावे. चौथ्यात माळ्यावर चढून दीडशे ते दोनशे फुटांवर अभ्यास करावा. हात दुखू लागल्यावर फेकू नये; थकल्या हाताने चुकीचीच सवय लागते.

माझी सर्व नोकरी महसुलाच्या कागदांत गेली; त्या सवयीने मी शिकणाऱ्या मुलांस एक वही ठेवावयास सांगतो. तीत तीनच रकाने: डावा, सरळ, उजवा. रोजच्या वीस गुंड्यांची नोंद त्यात करावी. डावा रकाना भरत असेल, तर गाठ सैल धरावी व अंमळ लवकर सोडावी. उजवा भरत असेल, तर थोडा धीर धरावा. दोन्ही रकाने सारखेच भरत असतील, तर दोष वेळेचा नसून साधनाचा आहे, असे समजून दोर व गुंडे तपासावेत. शंभर फुटांवर वीसांपैकी पंधरा गुंडे लक्ष्याच्या दहा फुटांच्या आत पडू लागेपर्यंत कोणासही पिकात गुंडा सोडू देऊ नये, अशी मर्यादा मी ठेवली आहे. तोपर्यंत त्याने कडाक्यानेच राखण करावी; पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते.

सावधगिरी व हाळी

आजचे शिवार पूर्वीसारखे मोकळे नाही. बांधालगत सौरपंपाच्या काचेच्या पट्ट्या असतात, विजेच्या तारा असतात, पाणंदीने दुचाक्या जातात. माळ्यावर चढण्यापूर्वी कोणत्या दिशेस गुंडा सोडावयाचा नाही हे ठरवून त्या बाजूच्या खांबास चिंधी बांधावी. रानडुकरांवर गोफण चालवू नये. ते उलटून अंगावर येते. आणि पाखरे शेजाऱ्याच्या ज्वारीत लोटून आपली राखण झाली असे मानू नये, कारण घटकाभराने तीच परत येतात. ज्यांच्या ज्वाऱ्या लागून आहेत अशा चार-पाच सभासदांनी पाळ्या लावून एकत्र राखण केली, तर एकेका घरातील एकाच माणसावर महिनाभर भार पडत नाही, व दोन माळ्यांवरून एकाच वेळी उठविलेला थवा शिवाराबाहेर जातो. पुढच्या हंगामात पेरणीपूर्वीच अशा सभासदांनी आपली ज्वारी शक्य तेवढी जवळजवळ व एकाच आठवड्यात पेरावी, अशी माझी सूचना आहे. एकाच वेळी निसवलेल्या पन्नास एकरांत पाखरे जितके खातील, तितकेच पाच एकरांत खाल्ले तर त्या शेतकऱ्याच्या हाती कडबाच राहतो.

आता शेवटचा नियम. माझ्या चुलतीस दगड लागला, त्याच्या पुढील वर्षी आजाने मला पुन्हा माळ्यावर चढविले. माझे हातपाय कापत होते. चुलती घरी थांबेल असे वाटले होते. पण ती विळा घेऊन त्याच बांधावर आली. बसण्यापूर्वी तिने हात तोंडाशी नेऊन हाळी दिली, “बापू, म्या हितं हाय रं!” मी वरून उत्तर दिले. त्यानंतर ती बसली व कापू लागली. जागा बदलली की ती पुन्हा हाळी देई, व मी उत्तर दिल्यावाचून ती खाली बसत नसे. ती असेपर्यंत आमच्या रानात ही रीत कधी चुकली नाही, आणि माझ्या हातून पुन्हा कोणास इजा झाली नाही.

तोच नियम मी सर्वांस सांगतो. शेतात येणाऱ्याने हाळी द्यावी. माळ्यावरच्याने उत्तर द्यावे. आणि फेकणाऱ्याने सकाळच्या पहिल्या गुंड्यापूर्वी चारी बाजूंस हाळी देऊन, कान देऊन, मगच गोफणीत गुंडा ठेवावा. उत्तर आले त्या बाजूस फेकू नये. ह्यास घटकाभरही लागत नाही. गोफणीचा हात तयार होण्यास महिना लागतो. परंतु हा नियम पहिल्याच दिवशी शिकता येतो, व तो शिकल्यावाचून कोणाच्याही हाती गोफण देऊ नये, अशी सर्व सभासद बंधुभगिनींस विनंती करून हा लेख पुरा करतो.